आज रोख, कॅशबॅक उद्या!

किराणा दुकानात गल्ल्याच्या वर लावलेली 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी आपण सगळ्यांनी लहानपणापासून वाचलेली आहे. तिच्यातली गंमत अशी की तो 'उद्या' कधी उजाडतच नाही. दुसऱ्या दिवशी जा, तिसऱ्या दिवशी जा, पाटीवर आपलं 'आज रोख'च! आता हीच पाटी मोठ्या कंपन्यांनी उलटी करून लावली आहे. आज तुम्ही पूर्ण पैसे मोजा, त्यातले थोडे आम्ही तुम्हाला उद्या परत देतो. याचं नाव कॅशबॅक. हा 'उद्या' एवढा का लांबतो आणि त्याला खेचून 'आज'मध्ये कसं आणायचं, याचा अभ्यास मला आणि माझ्या रूममेटला गेल्या वर्षी सक्तीने करावा लागला. विषय सिलॅबसमध्ये नाही, पण हॉस्टेलवर राहणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी येणार. म्हणून हा लेख.

आमची केस

दसऱ्याच्या आधी आम्ही दोघी पनवेलच्या एका दुकानात लॅपटॉप घ्यायला गेलो. रूममेट श्रीवर्धनची. तिचे बाबा मुद्दाम एस.टी.ने आले होते. त्यांचं बजेट पक्कं होतं, ४६,००० रुपये. दुकानदाराने दोन लॅपटॉप पुढे ठेवले. एक बरोबर ४६,००० चा. दुसरा ४८,९९० चा, प्रोसेसर आणि रॅम तेच, पण एसएसडी दुप्पट. शिवाय त्याच्यावर मोठ्या लाल मराठी अक्षरांत लिहिलेलं, '३,००० रुपये कॅशबॅक!' म्हणजे हिशेबाने तो पडला ४५,९९० ला. चांगली वस्तू आणि वर दहा रुपये स्वस्त!

काकांनी दोनदा विचारलं, "पैसे नक्की येतात ना?" दुकानदार म्हणाला, "काका, कंपनीची स्कीम आहे, शंभर टक्के येतात." तरी काकांना खात्री पटेना. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "तू कॉन्व्हेंटची ना गं? ते खाली बारीक इंग्रजीत काय लिहिलंय ते वाच बघू."

मी वाचलं. उभ्या उभ्या, दोन मिनिटांत, गर्दीत. आणि मोठ्या आत्मविश्वासाने म्हटलं, "ठीक आहे काका. फॉर्म मी भरून देईन."

वरचे तीन हजार काकांनी रूममेटच्या मावशीकडून घेतले. ती पनवेललाच राहते. महिन्याभरात परत देतो, असं सांगून घेतले. त्याच दिवशी मीही तोच लॅपटॉप घेतला.

फॉर्म मी खरंच भरला. दोघींचाही. बिलाचा फोटो, सीरियल नंबरचा फोटो, खोक्यावरच्या बारकोडचा फोटो, बँकेचा तपशील, सगळं अकराव्या दिवशी अपलोड केलं. मुदत पंधरा दिवसांची होती. मग मेल आला की '९० कामकाजाचे दिवस' थांबा. दिवाळी गेली, नाताळ गेला, सेमिस्टर संपलं. फेब्रुवारीत रूममेटच्या क्लेमवर एक ओळ आली: क्लेम अमान्य, नाव जुळत नाही.

झालं होतं असं की बिल काकांच्या नावावर होतं आणि बँक खातं मी मुलीचं दिलं होतं. बिलावरचं आणि खात्यावरचं नाव एकच हवं, ही अट होती चौदाव्या क्रमांकावर. मी आठव्या-नवव्या अटीनंतर वाचायचं थांबले होते. वाचणारी मी, चुकणारी मी, आणि पैसे अडकले दुसऱ्याचे!

सात पायऱ्यांचं गणित

त्या दिवशी आधी वाईट वाटलं आणि मग डोकं चालायला लागलं. हे सगळं आपल्याच बाबतीत होतं की याच्यामागे काही गणित आहे? गणित आहे, आणि ते आपण रिलायबिलिटीच्या युनिटमध्ये शिकलोही आहोत. एकामागे एक जोडलेल्या सिस्टीममध्ये प्रत्येक भाग चालला तरच सिस्टीम चालते, आणि सगळ्या भागांच्या शक्यतांचा गुणाकार करावा लागतो.

आमच्या स्कीममध्ये पायऱ्या मोजल्या तर सात निघाल्या. मुदतीत नोंदणी करणं, बिलाचा फोटो स्वच्छ येणं, सीरियल नंबर बरोबर भरणं, खोका रद्दीत जाण्याआधी बारकोड जपणं, ओटीपी वेळेत टाकणं, नाव जुळणं आणि तीन महिन्यांनी आठवणीने पाठपुरावा करणं. आता समजा, प्रत्येक पायरी ग्राहक ९० टक्के वेळा बरोबर पार करतो. नव्वद टक्के म्हणजे चांगलाच विद्यार्थी झाला! तरी ०.९ चा सातवा घात येतो ०.४८. म्हणजे शंभरातले फक्त ४८ शेवटपर्यंत पोचतात. पायरीमागे ८० टक्के धरलं तर उरतात अवघे २१.

हा आकडा कंपनीच्या बाजूने बघा. समजा, स्कीममध्ये १०,००० लॅपटॉप विकले. जाहिरातीप्रमाणे द्यायचे होते ३ कोटी. ४८ टक्क्यांनी हिशेब केला तर द्यावे लागले १ कोटी ४४ लाख. म्हणजे जाहिरात ३,००० रुपयांची आणि एका लॅपटॉपमागे खरी सूट सरासरी १,४४० रुपयांची. शिवाय ते १ कोटी ४४ लाख ९० दिवस उशिरा दिले, तर ८ टक्के दराने नुसतं व्याजच सुमारे २ लाख ८४ हजार होतं. थेंबे थेंबे तळे साचे हे खरंच आहे, फक्त थेंब आपले आणि तळं त्यांचं!

हे आकडे मी समजा धरलेले आहेत, पण कल्पना माझी नाही. न मागितल्या गेलेल्या किंवा मध्येच गळलेल्या सवलतीला धंद्याच्या भाषेत 'ब्रेकेज' असं रीतसर नाव आहे. आपलं विसरणं हा त्यांच्या बजेटमधला एक कॉलम असतो. म्हणूनच बिलातच किंमत कमी करण्याऐवजी पैसे नंतर परत देण्याचा हा द्राविडी प्राणायाम केला जातो.

हे आपल्याकडेच होतं का?

मुळीच नाही. अमेरिकेत याचा थोरला भाऊ होता, 'मेल-इन रिबेट'. वस्तू विकत घ्यायची, खोक्यावरचा बारकोड कात्रीने कापायचा, फॉर्म आणि बिलासोबत पाकिटात घालून पोस्टाने पाठवायचा आणि चेकची वाट बघत बसायचं. तिथेही चेक हरवायचे, फॉर्म अपुरे ठरायचे. कॉम्पयुएसए ही तिथली तेव्हाची संगणकाच्या दुकानांची मोठी साखळी होती. क्यूपीएस नावाच्या एका उत्पादकाच्या मालावर ती रिबेट जाहीर करत होती. क्यूपीएस वेळेवर पैसे देत नाही हे माहीत असूनही जाहिराती चालूच राहिल्या, आणि २००२ मध्ये क्यूपीएसचं दिवाळं निघालं. २००५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कॉम्पयुएसएला धरलं आणि झालेल्या तडजोडीत क्यूपीएसच्या ग्राहकांचे अडकलेले रिबेट देणं तिला भाग पडलं. यातून शिकायचं ते असं की 'स्कीम कंपनीची आहे, आमचा संबंध नाही' असं म्हणून दुकानाला दर वेळी हात झटकता येत नाहीत.

ब्रेकेजचं गणित उलटंही फिरतं. १९९२ मध्ये इंग्लंडमध्ये हूव्हर कंपनीने १०० पौंडांच्या खरेदीवर दोन विमान तिकिटं फुकट देऊ केली, आधी युरोपची आणि मग अमेरिकेचीही. फॉर्म आणि अटींच्या जंजाळात बहुतेक लोक मध्येच गळतील, असा अंदाज होता. पण अमेरिकेच्या तिकिटासाठी लोक कशाला गळतात! गरज नसताना व्हॅक्यूम क्लीनर विकत घेतले आणि फॉर्मच्या मागे हात धुऊन लागले. कंपनीला सुमारे ५ कोटी पौंडांचा फटका बसला. सांगायचा मुद्दा हा, की लोक चिकाटीने मागे लागले की सगळं गणित बदलतं. तीन हजारांसाठी आपण मागे लागत नाही, म्हणून तीन हजारांच्या स्कीम चालतात.

कायदा काय म्हणतो?

आता थोडा रुक्ष पण कामाचा भाग. आपल्याकडे पहिला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा. त्याच्याही आधी, १९७४ मध्ये, बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. एकेकटा ग्राहक दुबळा असतो, दहा जण एकत्र आले की दुकानदार ऐकतो, ही साधी गोष्ट त्यांनी घराघरात नेली. आज लागू आहे तो २०१९ चा कायदा, जो जुलै २०२० पासून अमलात आला.

या कायद्याच्या कलम २(४७) मध्ये 'अनुचित व्यापारी प्रथा' कोणत्या ते दिलं आहे. त्यात भेट, बक्षीस किंवा तत्सम काही देऊ करायचं पण ते ठरल्याप्रमाणे द्यायचा इरादाच नसायचा, हे स्पष्ट आलं आहे. म्हणजे आपण विसरलो, तर तो गुन्हा कंपनीचा नाही. पण सगळ्या अटी पाळूनही पैसे देत नसतील किंवा महत्त्वाची अट दिसू नये अशी लपवली असेल, तर दाद मागता येते.

मला सगळ्यात जास्त चकित केलं ते जून २०२२ च्या फसव्या जाहिरातींबद्दलच्या मार्गदर्शक तत्त्वांनी. त्यांच्यानुसार जाहिरातीतला दावा ज्या भाषेत असेल त्याच भाषेत त्याच्या अटीही हव्यात, अक्षरही तसंच हवं, आणि मोठ्या अक्षरांत दिलेलं वचन खालच्या बारीक अक्षरांत काढून घेता येत नाही. आठवा आमचं स्टिकर! 'कॅशबॅक' मराठीत, लाल आणि ठळक. अटी इंग्रजीत, मुंगीच्या आकाराच्या. त्या अटी मराठीत असत्या तर काकांनी त्या स्वतः वाचल्या असत्या, आणि माझ्यापेक्षा नीट वाचल्या असत्या. कारण तीन हजार त्यांचे होते.

हे नियम कागदावरच आहेत असंही नाही. 'पाच मिनिटांत ऑटो, नाहीतर ५० रुपये' ही रॅपिडोची जाहिरात १२० हून जास्त शहरांत सुमारे ५४८ दिवस चालली. प्रत्यक्षात मिळत होते रुपये नव्हे तर 'कॉइन', तेही '५० पर्यंत', सात दिवसांत संपणारे आणि फक्त बाइक राइडला चालणारे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला १० लाखांचा दंड केला आणि ज्या ग्राहकांना ५० रुपये मिळाले नाहीत त्यांना ते परत द्यायला सांगितलं. पन्नास रुपये! एका माणसाने 'जाऊ दे' म्हणून सोडून देण्याची ती रक्कम आहे. पण शेकडो लोकांनी हेल्पलाइनवर तक्रारी केल्या होत्या, म्हणून ती 'जाऊ दे' झाली नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढावी का?

आपल्याकडे म्हण आहे की शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. आम्हालाही तीच भीती होती. पनवेल येतं रायगड जिल्ह्यात आणि जिल्हा ग्राहक आयोग आहे अलिबागला. पेण-वडखळमार्गे एस.टी.ने जायचं, यायचं, लेक्चर बुडवायचं, आणि हे सगळं तीन हजारांसाठी? पण माहिती काढल्यावर कळलं की पहिली पायरी कोर्टाची नाहीच.

पहिली पायरी म्हणजे १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा फोन नंबर. फोन फुकट, आणि मराठीत बोलता येतं. ते तक्रार नोंदवून डॉकेट नंबर देतात आणि तक्रार कंपनीकडे पाठवतात. हेल्पलाइन निकाल देत नाही, हुकूम सोडत नाही. पण कंपनीच्या ज्या मेलवर आपल्याला आपोआप तयार झालेली उत्तरं येतात, तिथे या नंबरमुळे एखादा माणूस तरी जागा होतो.

त्याने भागलं नाही तर जिल्हा आयोग. तिथे वकील सक्तीचा नाही. वस्तूसाठी दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची. २०१९ च्या कायद्यामुळे ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथेही ती दाखल करता येते, कंपनीच्या गावाला जावं लागत नाही. जानेवारी २०२५ पासून 'ई-जागृती' पोर्टलवर ती ऑनलाइन दाखल होते आणि सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सने मागता येते. म्हणजे पायरी आहे, पण पूर्वीइतकी उंच नाही.

मी फोन लावायला घेतला तर रूममेट म्हणाली, "थांब, बाबांना करू दे. बिल त्यांच्या नावावर आहे." काकांनी श्रीवर्धनहून फोन केला, मराठीत, पाच-सात मिनिटं. माझ्या इंग्रजीची गरज पडली नाही. मी फक्त बिल, स्टिकरचा फोटो आणि सगळे मेल तारखेप्रमाणे लावून त्यांना पाठवले. तीन आठवड्यांनी कंपनीचा मेल आला, की काकांच्या पासबुकाचं पहिलं पान पाठवा. एवढंच! दोन महिने 'अमान्य' असलेला क्लेम एका पानाने मान्य झाला. एप्रिलमध्ये काकांच्या खात्यात ३,००० रुपये जमा झाले.

नंतर रूममेटने एक गोष्ट सांगितली. मावशीने पैसे कधी मागितले नव्हते, विषयसुद्धा काढला नव्हता. पण त्या वर्षी दिवाळीत भाऊबीजेला काका पनवेलला आले आणि मावशीकडे न जाताच परत गेले. दरवर्षी जातात. 'काम होतं' म्हणाले. तीन हजार रुपयांचं व्याज बँकेच्या दराने मी वर काढून दाखवलं आहे. पण या व्याजाचा हिशेब कुठल्या सूत्रात बसवायचा ते मला कळलं नाही.

मग करायचं काय?

थोडक्यात, परीक्षेच्या आदल्या रात्री वाचता येईल असं सांगते.

१. खरेदी करताना कॅशबॅक शून्य धरा. पूर्ण किमतीला वस्तू परवडते का ते बघा. परवडत नसेल तर ती महाग आहे, स्टिकरवर काहीही असो.

२. दुकानदाराला विचारा, "हीच सूट बिलातच कमी करून द्याल का?" थोडी कमी मिळाली तरी चालेल. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नये.

३. अटी शेवटच्या क्रमांकापर्यंत वाचा. तीन गोष्टी शोधा: मुदत, नाव आणि पैसे कुठल्या रूपात मिळणार. रोख, व्हाउचर की कॉइन?

४. बिल ज्याच्या नावावर, खातं त्याचंच द्या.

५. जाहिरातीचा फोटो काढून ठेवा. स्कीम संपली की पोस्टर गायब होतं आणि पुरावाही.

६. खोका टाकू नका. हॉस्टेलच्या कॉटखाली जागा असते.

७. पैसे येण्याची तारीख मोबाइलमध्ये रिमाइंडर म्हणून टाका. तारीख उलटली की आधी कंपनीला लेखी मेल, मग १९१५, मग आयोग.

८. एकाच दुकानातून एकाच स्कीममध्ये घेतलेले पाच-सहा जण हॉस्टेलवर नक्की सापडतात. एकमेकांना विचारा. दहा तक्रारी एकदम गेल्या की त्याला 'अपवाद' म्हणता येत नाही.

शेवटी माझं काय झालं ते सांगितलं नाही तर हा लेख अर्धवट राहील. माझं बिल माझ्याच नावावर होतं, त्यामुळे क्लेम मान्य झाला. पण पैसे आले नाहीत, आलं व्हाउचर. ठरावीक दुकानांतच चालणारं, ६० दिवसांचं. मेल आला तेव्हा सबमिशन चालू होती. उघडला तेव्हा ७४ वा दिवस होता. वर ज्या शंभरातल्या ५२ गळणाऱ्यांचं गणित मी एवढ्या ऐटीत मांडलं, त्यातली एक मी आहे!

पण स्टिकरवर 'कॅशबॅक' लिहिलं होतं, 'व्हाउचर' नव्हतं, आणि त्या स्टिकरचा फोटो माझ्याकडे आहे. गेल्या आठवड्यात मीही १९१५ ला फोन केला. मराठीत. डॉकेट नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. दोन वर्षांची मुदत अजून संपलेली नाही. त्यांचा 'उद्या' उजाडेपर्यंत मी रोज आठवण करून देणार आहे.